घरच्या घरी क्रिस्टल तपासायची पेटी

(सामुदायिक रेडिओवरच्या ‘हाताला काम’ या बोलण्याचा लेखी मजकूर)

आज वही-पेन जवळ घेऊन बसा. आज आम्ही एक वस्तू बनवायला सांगणार आहोत. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पेटी, तिला एक बटण आणि एक बारका लाल दिवा. तिच्यात क्रिस्टल नावाचा छोटा डबीसारखा भाग खोचायचा आणि बटण दाबायचं. दिवा लागला तर क्रिस्टल चालू, नाही लागला तर बंद.

तुम्ही म्हणाल, याचं आम्हाला काय काम? काम आहे. आपल्या भागात घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाया पुष्कळ. चिंचणी-वरोरकडे दागिन्यांच्या डाय घरोघरी बनतात. तसं आमच्या गटातल्या काही जणींनी एका छोट्या गाळ्यातून पट्ट्या सोल्डर करायचं काम घेतलं होतं. माल ते द्यायचे, जोडायचं आपण, मजुरी नगावर. दर आठवड्याला काही पट्ट्या परत यायच्या. “चालत नाहीत, तुमचं सोल्डरिंग कच्चं आहे,” असं सांगून तेवढी मजुरी कापली जायची. डाग पक्के दिसत होते. मग बिघाड हाताचा की मालाचा? हे सांगायला आमच्याकडे काहीच साधन नव्हतं, आणि ज्याच्याकडे साधन नाही त्याचं म्हणणं हिशेबात धरत नाहीत. पुढे ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्या दादांनी ही पेटी बनवायला शिकवली. तेव्हापासून माल आला की आधी क्रिस्टल तपासायचे, बंद निघालेले बाजूला काढून माल आणणाऱ्याच्या समोर मोजायचे, आणि मगच काम सुरू करायचं, असा आमचा नियम झाला.

क्रिस्टल म्हणजे काय?

गारगोटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून उजेड पाडला नसेल, अशी बाई आपल्याकडे सापडायची नाही. ती गार म्हणजेच क्वार्ट्झ. वाळूत जो पदार्थ असतो तोच, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा बनलेला. शुद्ध आणि नीट वाढलेला असला की तो काचेसारखा पारदर्शक स्फटिक होतो.

या दगडाचा एक गुण १८८० साली फ्रान्समध्ये प्येर क्युरी आणि त्यांचे थोरले भाऊ जाक क्युरी यांनी दाखवून दिला. गारेची चकती दाबली की तिच्या दोन बाजूंवर वीज उमटते. पुढच्याच वर्षी याच्या उलटही सिद्ध झालं: चकतीला वीज दिली की ती किंचित वाकते. किती किंचित? डोळ्यांनी दिसणार नाही इतकी.

हा गुण तुमच्या स्वयंपाकघरात रोज वापरला जातो. गॅसचा टकटक लाइटर आहे ना, ज्याला सेल लागत नाही? आत दट्ट्या आपटतो, दाब बसतो आणि ठिणगी पडते. त्यात गार नसते, त्याच गुणाची भाजलेली सिरॅमिकची कांडी असते. पण तत्त्व तेच, दाबलं की वीज.

तारापूरच्या बायांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्येर यांची पत्नी मारी क्युरी. युरेनियममधून निघणाऱ्या किरणांमुळे हवेतून अगदी क्षीण वीज वाहते. ती मोजायला मारीबाईंनी याच दोन भावांनी बनवलेलं गारेचं उपकरण वापरलं. गारेच्या पट्टीला वजन टांगायचं, त्याने उमटणारी वीज आणि किरणांनी आलेली वीज यांची बरोबरी करायची. त्या मोजमापाच्या वाटेनेच १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम सापडले. तारापूरचं अणुवीज केंद्र ज्या विज्ञानावर उभं आहे, त्याच्या पहिल्या मोजमापात एक बाई होती आणि एक गारेची पट्टी होती.

झोका आणि ठेका

आता वीज दिल्यावर चकती वाकते, वीज काढली की सरळ होते. पुन्हा दिली, पुन्हा वाकते. अंगणातल्या झोक्याचं उदाहरण घ्या. प्रत्येक झोक्याची आपली एक चाल असते. त्या चालीला धरून हलकासा धक्का दिला तरी झोका चढत जातो. वेळ चुकवून कितीही जोर लावला तरी तो अडखळतो. गारेच्या चकतीचं तसंच. तिची जाडी आणि कापणी जशी असेल तसा तिचा ठेका ठरलेला असतो. त्या ठेक्याने विजेचे बारीक धक्के मिळत राहिले की ती थरथरत राहते.

चकती जितकी पातळ तितका ठेका जलद. सेकंदाला १ कोटी वेळा थरथरणारं, म्हणजे १० मेगाहर्ट्झचं नेहमीच्या कापणीचं क्रिस्टल घेतलं, तर आतली चकती साधारण मिलिमीटरच्या सहाव्या भागाइतकी जाड असते. म्हणून पत्र्याच्या डबीत बसवलेलं असूनही क्रिस्टल फरशीवर पडलं की बाहेरून धड दिसतं आणि आतून तडकतं. क्रिस्टल बंद पडायचं हे एक मोठं कारण. सोल्डरिंगची गन फार वेळ टेकवून ठेवणं हे दुसरं. डबीची सील सुटून आत दमट हवा जाणं हे तिसरं, आणि आपल्या किनाऱ्यावरची हवा तुम्हाला माहीत आहेच.

हा ठेका लागतो कुठे? घड्याळात, मोबाइलमध्ये, टीव्हीत, वॉशिंग मशीनच्या पट्टीत, सातपाटीच्या बोटींवरच्या वायरलेस सेटमध्ये. आमचा हा रेडिओ तुमच्या सेटवर ठरलेल्या जागीच ऐकू येतो, इकडेतिकडे सरकत नाही, तोही प्रक्षेपकातल्या क्रिस्टलमुळे.

भिंतीवरच्या घड्याळाचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. त्यातलं क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं. हाच आकडा का? साडीची घडी घालतो तसं त्याचं अर्धं करत जा. १६,३८४, मग ८,१९२, मग ४,०९६… अशा १५ घड्या घातल्या की बरोबर १ उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका. जगातलं पहिलं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ जपानमध्ये सैको कंपनीने डिसेंबर १९६९ मध्ये विकायला आणलं. आपलं तारापूरचं केंद्रही त्याच साली सुरू झालं.

आणि हे काम बायकांना नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या रेडिओंसाठी लाखो क्रिस्टल लागली. ब्राझीलहून आलेली गार अमेरिकेतल्या कारखान्यांत कापली, घासली आणि तपासली जायची, आणि त्या बाकांवर बसणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या.

सामान लिहून घ्या

दुरुस्तीच्या दुकानात किंवा मुंबईला ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं मिळतं.

ट्रान्झिस्टर, बीसी ५४७: दोन.
डायोड, वन एन ४१४८: दोन. काचेचा बारका मणी, एका टोकाला काळा पट्टा.
रेझिस्टन्स, १०० के: एक. रंग तपकिरी, काळा, पिवळा.
रेझिस्टन्स, १ के: दोन. रंग तपकिरी, काळा, लाल.
चपटे सिरॅमिक कपॅसिटर: १०१ छापलेले दोन, १०२ एक, १०३ एक. हे आकडे अंगावरच असतात, तेवढे बघून घ्यायचे.
लाल एलईडी: एक.
दाबायचं बटण, म्हणजे पुश स्विच: एक.
९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची टोपी.
क्रिस्टल खोचायला छोटा सॉकेट, आणि भोकांची साधी पट्टी.

शिवाय सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची तार आणि थोडी जोडतार. पेटी म्हणून प्लास्टिकचा जुना डबा चालतो.

जोडायचं कसं?

पट्टीवर वरच्या कडेला एक लांब तार सोल्डर करा. ती प्लसची तार. खालच्या कडेला दुसरी, ती मायनसची. बॅटरीची लाल वायर बटणातून प्लसच्या तारेला जाईल. काळी वायर थेट मायनसला.

ट्रान्झिस्टर हातात घ्या. चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावा पाय कलेक्टर, मधला बेस, उजवा एमिटर. हे वहीत चित्र काढून ठेवा, कारण पेटी न चालण्याचं निम्मं कारण पाय उलटे लागणं हेच असतं.

एक. पहिल्या ट्रान्झिस्टरचा डावा पाय प्लसच्या तारेला.
दोन. १०० के रेझिस्टन्सचं एक टोक प्लसला, दुसरं पहिल्या ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला.
तीन. सॉकेटचा एक पाय याच मधल्या पायाला, दुसरा मायनसला. क्रिस्टल इथे बसेल.
चार. १०१ चा एक कपॅसिटर मधल्या आणि उजव्या पायाच्या मध्ये. १०१ चा दुसरा उजव्या पायापासून मायनसला. १ के चा एक रेझिस्टन्सही उजव्या पायापासून मायनसला.

इथवर आपला झोका आणि त्याला धक्का देणारा हात तयार झाला. ट्रान्झिस्टर धक्का देतो, क्रिस्टल ठेका धरतो. आता ठेका चालू आहे की नाही, ते दिव्याने सांगायचं.

पाच. १०२ कपॅसिटरचं एक टोक त्याच उजव्या पायाला, दुसरं पट्टीवरच्या एका मोकळ्या जागी. या जागेला आपण चौक म्हणू.
सहा. चौकाला एका डायोडचं काळ्या पट्ट्याचं टोक जोडा, त्याचं दुसरं टोक मायनसला. दुसऱ्या डायोडचं पट्टा नसलेलं टोक चौकाला, आणि काळ्या पट्ट्याचं टोक दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला.
सात. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायापासून मायनसला १०३ चा कपॅसिटर. त्याचा उजवा पाय थेट मायनसला.
आठ. प्लसपासून १ के चा दुसरा रेझिस्टन्स, त्याच्या पुढे एलईडीचा लांब पाय. एलईडीचा आखूड पाय दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या डाव्या पायाला.

झालं. क्रिस्टल थरथरलं की ती थरथर १०२ मधून पलीकडे जाते, डायोड तिला एका दिशेने वळवतात, १०३ मध्ये ती साठते आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरला उठवते. तो उठला की दिवा लागतो. क्रिस्टल गप्प असेल तर पलीकडे काहीच जात नाही, म्हणून दिवा बंद.

पेटीचीच परीक्षा आधी

बॅटरी लावा आणि क्रिस्टल न लावता बटण दाबा. दाबताक्षणी एखादी लुकलुक झाली तर तिकडे लक्ष देऊ नका, पण दिवा लागून राहता कामा नये. राहिला तर कुठेतरी दोन डाग एकमेकांना चिकटलेत.

मग बटण दाबून ठेवून दुसऱ्या ट्रान्झिस्टरचे डावा आणि उजवा पाय तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा. दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर एलईडी उलटा आहे किंवा बॅटरी संपली आहे.

शेवटी नक्की चालू असलेलं एक क्रिस्टल लावा, ८ किंवा १२ मेगाहर्ट्झचं. दिवा लागला की पेटी खरी. हे क्रिस्टल पेटीतच एका पुडीत जपून ठेवा. रोज काम सुरू करताना आधी तेच लावून बघायचं. तराजू उघडताना वजन तपासतो, तसं.

तपासणी आणि तिची हद्द

क्रिस्टलचे पाय कापडाने पुसून सॉकेटमध्ये घाला. त्याला उलट-सुलट नसतं, कसंही चालतं. बटण दोन-तीन सेकंद दाबा. दिवा स्वच्छ लागला तर क्रिस्टल थरथरतं आहे. लागला नाही तर काढून, पाय फिरवून पुन्हा एकदा. दुसऱ्यांदाही नाही लागला तर बाजूला. मंद लागला तर त्याची वेगळी पुडी करा. ते चांगलं म्हणून देऊ नका आणि बाद म्हणून टाकूही नका.

साधारण १ ते २० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी ही पेटी चांगली. मात्र ती काय सांगत नाही, तेही माहीत हवं.

पहिलं, ती ठेका आहे एवढंच सांगते, ठेका किती तो आकडा सांगत नाही. त्यासाठी फ्रिक्वेन्सी काउंटर लागतो. पण घरात शॉर्टवेव्हचा जुना रेडिओ असेल तर एक युक्ती आहे. १० मेगाहर्ट्झचं क्रिस्टल पेटीत लावा, रेडिओ शेजारी ठेवा आणि काटा १० मेगाहर्ट्झच्या आसपास हळू फिरवा. ज्या जागी रेडिओची खरखर एकदम दबते, तिथे तुमचं क्रिस्टल बोलतं आहे. बटण सोडलं की खरखर परत येते.

दुसरं, २७ मेगाहर्ट्झ आणि त्यावरची बरीच क्रिस्टल तिप्पट ठेक्यावर चालवायची म्हणून बनवलेली असतात. आपल्या पेटीत ती मूळ ठेक्यावर, म्हणजे २७ ची ९ वर, थरथरतात. दिवा लागतो, पण रेडिओवर आकडा निराळा दिसेल. ते क्रिस्टल खराब नव्हे.

तिसरं, चार पायांची चौकोनी डबी दिसली तर ती नुसतं क्रिस्टल नसते, आत अख्खं सर्किट असतं. ती या पेटीत लावू नका. टीव्हीच्या रिमोटमध्ये बऱ्याचदा ४५५ लिहिलेला सिरॅमिकचा भाग असतो. त्याचाही निकाल या पेटीवर देऊ नका.

चौथं आणि महत्त्वाचं: घड्याळातली बारीक नळी या पेटीत कधीही लावू नका. तिच्यात दोन दातांचा अगदी नाजूक काटा असतो. आपल्या पेटीचा धक्का त्याला सोसत नाही, आणि चांगली नळी तपासतानाच मोडायची.

घड्याळासाठी वेगळी तपासणी

त्यासाठी घड्याळच वापरा. भिंतीवरच्या घड्याळाचं चालू मशीन घ्या, उघडा, नळीचे दोन डाग सोडवून ती काढा आणि त्या जागी दोन बारीक वायरींनी सॉकेट बसवा. नळी सॉकेटमध्ये घातली आणि काटा टिकटिक करू लागला, की नळी चांगली. सेल तोच, दीड व्होल्टचा.

पण बंद घड्याळ हातात आलं की लगेच नळीवर जाऊ नका. आधी सेल बदला. मग सेलच्या पट्ट्यांवरचा हिरवा गंज खरवडा. मग काटे एकमेकांना किंवा काचेला घासतात का ते बघा. नळीची पाळी त्यानंतर.

दोन गोष्टी सांभाळा

सोल्डरच्या तारेत बहुधा शिसं असतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करायचं नाही. खिडकीजवळ बसायचं, धूर तोंडावर घ्यायचा नाही, काम संपलं की साबणाने हात धुवूनच पोळीला हात लावायचा. लहान मुलांना जवळ बसवू नका. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या ताईंनी सोल्डरिंग दुसरीकडे द्यावं. तपासणीचं आणि वहीचं काम त्या करू शकतात.

दुसरी गोष्ट कोळी भगिनींसाठी. बोटीवरचा वायरलेस सेट घरी उघडू नका. चॅनल १६ वरून मदत मागायची वेळ येते तेव्हा त्या सेटवर जीव अवलंबून असतो. तो जाणकार माणसाकडेच द्या. आपली पेटी सुट्या क्रिस्टलसाठी आहे.

वही हीच खरी ताकद

शेवटचं सांगतो ते नीट ऐका. पेटीइतकीच तिच्यासोबतची वही महत्त्वाची. पाच रकाने आखा: तारीख, कोणाकडून माल आला, डबीवरचा आकडा, किती तपासले, किती बंद. खाली माल आणणाऱ्याची सही. एका क्रिस्टलला दहा-पंधरा सेकंद धरले तरी १०० नग अर्ध्या तासात होतात. तेवढा अर्धा तास मजुरीत धरायला सांगा. ते तुमचं काम आहे, उपकार नाही.

आमच्याकडे वही सुरू झाल्यावर बोलण्याची रीत बदलली. “तुमचं सोल्डरिंग कच्चं” याला आता “पान उघडा” असं उत्तर आहे. सगळे खटके संपले असं नाही. पट्टीवर इतरही भाग असतात, तेही बिघडतात, आणि कधी डागही सुटतो. पण क्रिस्टलपुरतं तरी बोट कोणाकडे दाखवायचं, हे आता अंदाजावर राहिलेलं नाही.

तुमच्या गटात एक पेटी पुरते. एकीने बनवावी, दोघींनी बघावी, आणि पुढची त्या दोघींनी बनवावी. काही अडलं तर वर्गात येऊन विचारा, पट्टी सोबत आणा, आपण मिळून डाग तपासू. पुढच्या भागात मल्टिमीटर कसा वाचायचा ते बघू. तोवर नमस्कार.